पहिल्या पेपरची वडी

जयवंता गेली त्या दिवशी चुलीवरच्या कढईत जवस अर्धा भाजून झाला होता.

लीना शाळेत शिकवून परतली तेव्हा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. कुणीतरी जळतं सरपण ओढून बाहेर टाकलं होतं. ते अंगणात काळं पडलं होतं. कढई तशीच होती. तिनं बोट घालून पाहिलं. जवस अजून कोमट होता. मग मागच्या बाजूनं मुलींचे आवाज आले आणि काहीतरी झालं आहे हे तिला कळलं.

झालं होतं ते थोडक्यात सांगता येण्यासारखं होतं. जाळ कमी पडला म्हणून जयवंता पऱ्हाट्या आणायला मागे गेली. कपाशीची वाळलेली झाडं उपटून रचलेला तो ढीग पुरुषभर उंचीचा. तिनं नेहमीसारखा खालून हात घातला. आत साप होता. नत्थूजी, तिचा नवरा, वसतिगृहाचा माळी. तो विहिरीवर पाणी शेंदत होता. त्यानं तिच्या दंडाला दोर आवळला, रस्त्यावर धावत जाऊन टांगा आणला. टांगा दवाखान्याच्या फाटकात शिरला तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता.

हे सगळं लीनाला सुमतीनं सांगितलं. सुमती यंदा मॅट्रिकला बसणार होती. अभ्यासाची सुटी असल्यामुळे ती वसतिगृहातच होती आणि तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. हुंदक्यांनी तिची वाक्यं तुटत होती. लीना ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, चूल पेटवली आणि कढईतला जवस पुढे भाजला. तडतड थांबेपर्यंत भाजला. निवल्यावर डब्यात भरून झाकण लावलं. असं का केलं ते तिला सांगता आलं नसतं. जवस अर्धकच्चा ठेवू नये एवढंच तिला माहीत होतं.

लीना नागपूरची. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झाली आणि वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत लागली. राहायला जागा हवी म्हणून बोरगाव मेघेच्या या वसतिगृहात आली. खेड्यांतून हायस्कूलसाठी आलेल्या मुलींचं ते घर. बैठं, कौलारू, समोर कडुलिंब, मागे विहीर आणि भाजीचे वाफे. अधीक्षिका सुमित्राबाई खादीचं पांढरं पातळ नेसत, हळू बोलत आणि सगळ्यांना कामं वाटून देत. लीनाच्या वाट्याला मुलींचा अभ्यास आला होता.

पहिल्या दिवशी ती जेवायला बसली तीच पुस्तक घेऊन. वाढणारी बाई उंच होती, सावळी, हनुवटीवर गोंदण. ताटात भाकरी टाकून ती तिथंच उभी राहिली.

“बाई, एक विचारू का?”

“विचारा ना.”

“तुमच्या या पुस्तकात कोणी जेवते का नाई?”

लीनाला प्रश्न कळला नाही.

“नाई, तुमी वाचून राह्यल्या अन् इथं वरण थंडं होऊन राह्यलं. म्हणलं, पुस्तकातल्या माणसायले तरी कोणी ताट वाढलं का नाई?”

लीनानं खरंच आठवून पाहिलं. तिनं अभ्यासलेल्या कादंबऱ्यांत नायिका झुरत होत्या, रडत होत्या, मूर्च्छा येऊन पडत होत्या. जेवताना कुणी आठवेना. तसं तिनं सांगितलं.

“मंग!” ती बाई म्हणाली. “पोटात अन्न नाई तं चक्कर येईन नाई तं काय होईन?”

लीना हसली. पुस्तक मिटलं. जयवंताशी ओळख झाली ती अशी.

जयवंताचं सासर वडनेरचं. घरी कपाशी, ज्वारी, तूर. पण नत्थूजीचा जीव शेतापेक्षा झाडाझुडपांत. वर्ध्याकडे एका वसतिगृहाला माळी हवा आहे असं कळलं आणि तो निघून आला. मागोमाग जयवंता आली. आधीची स्वयंपाकीण गावाला गेली ती परतली नाही. स्वयंपाकघर जयवंताचं झालं. कुणी तिला नेमलं असं नव्हे. एक दिवस ती चुलीपुढे बसली आणि मग तिथून तिला कुणी उठवलं नाही.

चालायची झपाझप. तिच्याबरोबर बाजाराला जायचं म्हणजे लीनाला निम्मी वाट धावावं लागे. चूल धुमसली की ती चुलीशी भांडायची, “तुले काय झालं व आज? कोण बोललं तुले?” एकदा मुलींनी आग्रह करून तिला सिनेमाला नेलं. सगळं थिएटर रडत होतं. जयवंता मधेच उठून बाहेर आली. बाहेर नत्थूजी बसला होता. कोंबड्या डालल्या का म्हणून तिनं त्याला विचारलं आणि पुन्हा आत गेलीच नाही. “रडायले आपलं घर हाय ना,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी तिकीट कायले?”

एक मूल झालं होतं. राहिलं नाही. हे तिनं लीनाला एकदाच सांगितलं, शेंगदाणे पाखडता पाखडता. सांगून झाल्यावर टरफलांवर आलेल्या कोंबड्या हाकलल्या.

उन्हाळा लागला की शाळा सकाळची होई. मुलींना उजाडता उजाडता निघावं लागे आणि वर्ध्यापर्यंत चालत जावं लागे. इतक्या सकाळी भाकरी कुणाच्या घशाखाली उतरत नसे. सरकारकडून आलेली दुधाची भुकटी होती. सुमित्राबाई ती गरम पाण्यात कालवून प्रत्येकीला पेलाभर देत. जयवंता तिला चुना म्हणायची. मुली भरला पेला घेऊन कडुलिंबाखाली जात आणि रिकामा घेऊन येत. कडुलिंबाच्या बुंध्याशी माती पांढरी झाली होती.

मग एका सकाळी शाळेत प्रार्थनेच्या वेळी सुमती चक्कर येऊन पडली. शाळेच्या शिपायानं तिला सायकलवर बसवून परत आणलं. जयवंतानं तिला जवळ बसवून वरणभात खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी तिनं लीनाला स्वयंपाकघरात बोलावलं.

“आमच्या तिकडं भल्या पहाटे वावरात जाणारे गडी काय खातेत, मालूम हाय?”

“काय?”

“लाह्या न् गूळ. दुपट्ट्यात बांधतेत अन् चालता चालता खातेत. उन्हं वर येईपर्यंत भूक नाई लागत.”

“मग मुलींनाही तेच द्या.”

“अवो बाई, या पोट्ट्या रस्ताभर सांडत जातीन. इथून वर्ध्यापर्यंत कावळ्यायची पंगत बसन.”

आधी तिनं लाडू केले. लाडू फुटत, वह्यांना गूळ लागे. मग वडी केली. ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, तीळ, जवस, चिमूटभर सुंठ, आणि हे सगळं धरून ठेवण्यापुरता गुळाचा पाक. लांबट, बोटभर जाड. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात वडी. शाळेचं फाटक येईपर्यंत वडी संपायची आणि मुलगी प्रार्थनेला ताठ उभी राहायची. कडुलिंबाखालची माती पुन्हा काळी झाली.

एकदा वसतिगृहाच्या समितीच्या एक बाई आल्या. त्यांनी वडी खाऊन पाहिली आणि “फारच पौष्टिक आहे हो,” असं म्हणून गेल्या. जयवंता दिवसभर गप्प होती. संध्याकाळी तिनं लीनाला विचारलं, “पौष्टिक म्हंजे काय व बाई?”

“अंगी लागणारं.”

“मंग तसं म्हणावं ना! मले वाटलं, काही कमी पडलं.”

आठवड्याच्या वड्या रविवारी दुपारी होत. काम दोघींचं होतं. भाजणं जयवंताकडे, पाकही तिच्याकडे. जाळ पऱ्हाटीचाच लागायचा, कारण तो झटकन चढतो आणि ओढला की झटकन उतरतो. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा. बोटांत त्याची मऊ गोळी वळली की कढई खाली. त्यात सगळं घालून ढवळायचं, तेल लावलेल्या पाटावर ओतायचं, वाटीच्या बुडानं थापायचं. आणि थांबायचं. लवकर कापलं तर सुरीला चिकटतं. उशीर झाला तर दगड होतो. मधला वेळ फार थोडा असतो.

सुरी लीनाच्या हातात असे. जयवंता पाटावर वाके, करंगळीनं वडीची कड दाबे आणि म्हणे, “हं.”

मग लीना कापे. सरळ रेघा कापणं तिला चांगलं जमे. बाकी वेळ ती गप्पा मारत असे, वडीकडे तिचं लक्षही नसे.

“माह्या हातून वडी कधी दगड नाई झाली,” जयवंता सांगायची. “लगनापासून एक नाई. इचारा वडनेरले.”

कापताना कडेचा चुरा पडे. तो ती एका वाटीत भरून लीनाच्या चहाशेजारी ठेवायची. मुली मागायच्या. त्यांना मिळत नसे.

पंचावन्न साली मॅट्रिकची परीक्षा जवळ आली तेव्हा सुमतीचा धीर सुटत चालला होता. पाठ केलेलं सगळं विसरते म्हणाली. जेवण टाकायला लागली. जयवंतानं पोळपाटावरून मान वर केली.

“पयल्या पेपरच्या दिवशी मी डब्यातली वडी नाई देणार. पहाटे उठून ताजी करीन. गरम गरम हातात देईन. माही गरम वडी खाऊन गेली अन् नापास झाली, अशी पोट्टी अजून जन्माले यायची हाय.”

“नक्की, मावशी?”

“नक्की म्हंजे? जवस उद्याच भाजून ठेवतो पाह्य.”

आणि दुसऱ्या दिवशी ती जवस भाजायला बसली होती.

नंतरचे दिवस लीनाला वेगवेगळे असे आठवत नाहीत. ती शाळेत गेली. वर्गात एका कवितेचा अर्थ सांगितला. मुलींनी तो उतरवून घेतला. घरी आल्यावर कुणी काही विचारलं की ती हो म्हणे. कशाला हो म्हटलं ते तिला मागाहून आठवत नसे. सुमित्राबाईंनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या. मुली भात करपवत, वरणात मीठ विसरत, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलत नसे. लीनाला रडू आलं नाही. येईल असं तिला वाटत होतं. ती वाटही पाहत होती, एखाद्या उशिरा धावणाऱ्या गाडीची पाहावी तशी. मग वाट पाहणंही राहिलं.

नत्थूजी वाफ्यांना पाणी देत होता. ज्या वाफ्यात काही लावलेलं नव्हतं त्यालाही देत होता. त्यानं पऱ्हाट्यांचा ढीग काडी काडी करून उसकटला होता. साप मिळाला नव्हता.

वडनेरहून त्याची आई आली. आनंदाबाई. मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. सुतक होतं, दहावा व्हायचा होता. त्या घरात फोडणी नाही, गोड नाही. नत्थूजीकडून तिला मुलींच्या वडीबद्दल कळलं असावं. सुमित्राबाई भेटायला गेल्या तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, “तिच्या चुलीवर इतक्यात गूळ नोका चढवू बाई. दहावा होऊ द्या.”

सुमित्राबाईंनी लीनाला बाजूला घेतलं. “मी स्वतः हे मानत नाही. पण त्या माउलीला कसं सांगू? पेपरच्या दिवशी मुलींना भुकटीचं दूधच देऊ. चालेल ना?”

“हो,” लीना म्हणाली.

त्याच संध्याकाळी सुमती लीनाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे खोल गेले होते. “बाई, पेपरच्या दिवशी वडी होईल ना? मावशी म्हणाली होती.”

“हो,” लीना म्हणाली.

रविवारी दुपारी, वडीच्या वेळेला, ती सवयीनं स्वयंपाकघरात गेली. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर तिच्याच सुरीच्या जुन्या रेघा होत्या. तिथं उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपण दोघींना हो म्हणून बसलो आहोत. उद्या सकाळी पेपर होता. सुमतीचं दुपारचं ताट तसंच परत आलं होतं. दुधाचा पेला कडुलिंबाखाली जाणार हे ठरलेलंच होतं.

ती मागच्या खोलीकडे गेली आणि उंबऱ्याबाहेर बसली.

“उद्या मुलींचा पेपर आहे,” ती म्हणाली.

“मालूम हाय,” आनंदाबाई म्हणाली.

“त्यांना ताजी वडी करून द्यायचं जयवंताबाईंनी कबूल केलं होतं.”

म्हातारीनं पाय पोटाशी घेतले.

“एक मुलगी आहे. तिला उपाशीपोटी चक्कर येते. इतके दिवस ती जेवतच नाहीये. वडी मिळाली तर खाईल. मी केली तर चालेल का?”

“तुमाले येते?”

“पाहिलं आहे.”

“पाह्यलं म्हंजे आलं काय?” आनंदाबाईनं पदर डोक्यावर ओढला. “लोक काय म्हणतीन थे सोडा, बाई. लोकायचं मले काही नाई. पण गुळाचा वास आला का मले वाटीन, थेच करून राह्यली. मंग मी काय करू?”

 लीना उठली.

“थांबा,” म्हातारी म्हणाली. “सुतक मले हाय. तुमाले नाई. पोरीयले नाई. करा तुमी. मी दार लावून घेईन.”

पहाटे लीना स्वयंपाकघराशी आली तेव्हा दारात पऱ्हाट्यांची मोळी ठेवलेली होती. नीट बांधलेली, झटकलेली. विहिरीपाशी नत्थूजी पाठमोरा उभा होता. मागच्या खोलीचं दार बंद होतं.

तिनं चूल पेटवली. लाह्या गरम केल्या, दाणे भाजून चोळले, तीळ भाजले. डब्यातला जवस काढला. गूळ फोडून कढईत टाकला, पाण्याचा हबका मारला. गूळ वितळला, फेसाळला, तांबूस झाला. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला. पसरला. पुन्हा टाकला. बोटांत मऊ गोळी आली. तिनं जाळ ओढला, कढई उतरवली, सगळं घालून ढवळलं. हात आपोआप चालत होते. पाटावर ओतलं, वाटीनं थापलं. कडा नीट केल्या. सुरीला तेल लावलं.

आणि ती उभी राहिली.

खिडकीतून उजेड येत होता. पलीकडे मुली वेण्या घालत होत्या. कुणीतरी मोठ्यानं सनावळ्या म्हणत होतं, चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतं. विहिरीत बादली आपटली. लीनाच्या हातात सुरी होती, समोर पाट होता, काही चुकलेलं नव्हतं. ती वाट पाहत होती.

“बाई, झाली?”

सुमती दप्तर घेऊन दारात उभी होती. लीनानं सुरी वडीवर टेकवली आणि दाबली. सुरी घसरली. तिनं जोर लावला. टक असा आवाज झाला आणि सुरीचं टोक वडीशेजारी पाटात रुतलं. वडीवर ओरखडासुद्धा उठला नव्हता.

तेव्हा तिला कळलं की आपण कशाची वाट पाहत होतो. कुणी “हं” म्हटलं नव्हतं.

बाकीच्या मुली आल्या. दारात दाटी झाली. सुमित्राबाई आल्या, त्यांनी पाटाकडे पाहिलं, लीनाकडे पाहिलं. “राहू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “दुधाचं पाणी ठेवते. लीना?”

“हो,” लीना म्हणाली. पण ती पाटासमोरून हलली नाही.

मागच्या खोलीची कडी वाजली. आनंदाबाई अंगणात आली. स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. मुलींनी वाट दिली.

“वास आला,” ती म्हणाली. “मंग मी कापायच्या आवाजाची वाट पाहून राह्यली. थो काही आला नाई. दगड झाली का?”

“हो.”

“मले वाटलंच. द्या थो पाट इकडं.”

सुमित्राबाई म्हणाल्या, “आनंदाबाई, अहो, तुम्हाला चालेल का?”

“मले काय इचारता? तुमाले चालते का थे बोला. सुतक्याच्या हातचं हाय.”

सुमित्राबाई लीनाकडे पाहू लागल्या. बोलली ती सुमती.

“चालते, आजी.”

लीनानं पाट उचलून अंगणात ठेवला. वरवंटा आणून दिला. आनंदाबाई पाटापुढे मांडी घालून बसली. तिनं वडीवर बोटं फिरवली, जागा पाहिली आणि वरवंटा मारला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला एक भेग इकडून तिकडे पळाली.

“हिचं लगीन झालं त्या साली,” वरवंटा उचलता उचलता ती म्हणाली, “संक्रांतीले हिनं वडी केलती. अश्शीच. दगड. मी वावरात गेलती. आली, तं पाट नाई जागेवर. लय ढुंढला. म्हणलं, पाटाले पाय फुटले का? शेवटी ज्वारी काढाले ढोलीत हात घातला तं हाताले लागला. वडीसकट पाट ज्वारीत पुरून ठेवलता पोरीनं.”

मुलींतून कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“मग?” लीनानं विचारलं. 

“मंग काय! वरवंटा घेतला अन् थो दगड फोडला. दोघीयनं चुलीपाशी बसून खाल्ला. सासूले मामी म्हणे थे. मले म्हणे, मामी, कोणाले सांगू नोका, घरातबी नोका. आजवरी नाई सांगतलं कोणाले.”

“मले नाई माहीत हे,” विहिरीकडून नत्थूजी म्हणाला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज मुलींपैकी कुणी ऐकला नव्हता.

“तुले कसं माहीत असन? तुह्यापासूनच तं लपवलं.”

“मला सांगायच्या,” लीना म्हणाली, “लग्नापासून एकही वडी दगड झाली नाही. वडनेरला विचारा, म्हणायच्या.”

“हो का? मंग इचारलं ना आता वडनेरले.” म्हातारीनं घाव घातला. “बस म्हणावं आता लपवत.”

लीना हसली. हसू बाहेर आलं ते तिला ओळखीचं वाटलं नाही. थोडं लांबलं, मग थांबलं. आनंदाबाईनं वर पाहिलं नाही. ती फोडत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि वरवंटा उचलताना ती ते दंडानं पुसत होती.

तुकडे झाले. एकासारखा एक नव्हता. कुणाच्या हातात त्रिकोण आला, कुणाच्या हातात नुसतं टोक. आनंदाबाईनं सगळ्यांत मोठा तुकडा सुमतीच्या हातावर ठेवला. “दातानं नोको फोडू. दाढंत धरजो. हळूहळू पाघळते.”

सुमतीनं तो तोंडात घातला. तिचा गाल फुगला. काहीतरी बोलायला गेली, पण बोलता येईना. बाकीच्यांचीही तीच गत. सुमित्राबाई त्यांना घेऊन निघाल्या. एरवी रस्ताभर कलकल करणाऱ्या त्या मुली गाल फुगवून, एक अक्षर न बोलता वर्ध्याच्या रस्त्याला लागल्या. लीना फाटकात उभी राहून पाहत होती. वळणापाशी सुमतीनं मागे वळून हात वर केला. तोंड चालूच होतं.

दुपारी त्या उन्हातून परत आल्या. सुमती स्वतःच्या पायांनी चालत आली.

“चक्कर?” लीनानं विचारलं.

“नाही आली.”

“पेपर?”

“बरा गेला. पण बाई, दाढ लय दुखून राह्यली.” आणि ती स्वयंपाकघरात शिरून पाळीच्या मुलीला विचारू लागली, भात झाला का.

लीनानं चहा ठेवला. रविवार नव्हता, पण ठेवला. कप घेऊन वळली तर चुलीच्या कट्ट्यावर एक वाटी होती. वाटीत चुरा होता. लाह्यांचे तुकडे, फुटलेले दाणे, तीळ.

आनंदाबाई उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती. “पाट खरवडला. हे उरलं. तुमच्या गुळाचा पाक जराक जळला व बाई, कडू लागन. माह्या हातचं चालत असन तं खा.”

ती मागे फिरली आणि खोलीकडे गेली. या खेपेला तिनं दार लावलं नाही.

लीना चुलीपुढे बसली. कप बाजूला ठेवला. वाटीतला चुरा चिमटीनं उचलून तोंडात टाकला. खरंच जरा कडू होता. जवस दाताखाली तडकत होता. अर्धा जयवंतानं भाजलेला, अर्धा तिनं. खाताना कुठवर कोणाचा ते कळत नव्हतं.

ती चावत राहिली. चहा गार होत होता.